पक्ष्यांची स्मृती आणि उरणचा भराव

उरणजवळच्या पाणजे पाणथळीवर भराव घालण्याचा विषय निघाला की एक युक्तिवाद हमखास होतो: पक्ष्यांना पंख आहेत, ते दुसरीकडे जातील. प्राण्यांच्या आकलनावरील संशोधन याला उत्तर देते. डच शास्त्रज्ञ पेर्डेक यांनी मैनेच्या कुळातले ११,००० हून अधिक स्टार्लिंग स्थलांतराच्या काळात नेदरलँड्समध्ये पकडून स्वित्झर्लंडमध्ये नेऊन सोडले. १९५८ साली त्यांनी निष्कर्ष मांडले. पहिल्याच प्रवासाला निघालेले तरुण पक्षी जुन्याच दिशेने उडत राहिले आणि भलत्या मुलखात पोहोचले. अनुभवी पक्ष्यांनी दिशा बदलून नेहमीचा हिवाळी प्रदेश गाठला. म्हणजे दिशा उपजत असते, ठिकाण मात्र अनुभवाने कळते.

स्टार्लिंगवरून चिखल्या-तुतारीसारख्या किनारी पक्ष्यांबद्दल बोलता येईल का, ही शंका रास्त आहे. पण पायात कडी घालून केलेल्या अभ्यासांत अनेक किनारी पक्षीही वर्षानुवर्षे त्याच हिवाळी जागी परतताना आढळले आहेत. शिवाय भरतीत खाडीचा चिखल बुडाला की त्यांना जवळच पाणजेसारखी उथळ, निवांत जागा लागते. लांबची जागा तिची भरपाई करू शकत नाही. दुसरीकडे, उरणजवळच्याच न्हावा-शेव्याला १९८९ पासून बंदर आहे, त्याने रोजगार दिला, हेही खरे. म्हणून प्रश्न विकास हवा की नको हा नसून तो कुठे करावा हा आहे. त्यासाठी पक्षिशास्त्राइतकाच इथल्या मिठागरांचा इतिहास आणि आगरी-कोळ्यांचे भरती-ओहोटीचे ज्ञानही अभ्यासले पाहिजे. विद्यापीठातील विज्ञान आणि मानव्यविद्या यांनी हे काम भराव पडण्यापूर्वीच एकत्र करायला हवे.