कुडाची भिंत आणि जिप्समची भिंत

रोहा तालुक्यातील खांब हे गाव मुंबई–गोवा महामार्गावर, नागोठणे व कोलाड यांच्या दरम्यान वसलेले आहे. या परिसरासह उत्तर कोकणात पूर्वी कुडाची घरे सर्रास बांधली जात. आज इमारतींच्या अंतर्भागात जिप्समच्या फळ्यांची जी भिंत उभारतात, तिचे या कुडाशी रचनेच्या दृष्टीने जवळचे नाते आहे. दोहोंतही भार सांगाड्यावर असतो. भिंत ही केवळ आडोसा होय.

कुडासाठी लाकडी मेढी रोवून त्यांमध्ये कारवीच्या काठ्या उभ्या लावतात व आडव्या काठ्यांनी त्या आवळून बांधतात. त्यावर माती, शेण व भाताचा तूस यांचे मिश्रण लिंपतात. तुसामुळे माती वाळताना फारशी भेगाळत नाही. पहिला थर सुकल्याखेरीज दुसरा देत नाहीत. शेवटी शेणाने सारवतात.

जिप्समच्या फळीचा उगम अमेरिकेतील. ऑगस्टीन सॅकेट यांना तिचे पेटंट १८९४ मध्ये मिळाले. पेणच्या गणेशमूर्तींच्या कारखान्यांमुळे या भागास परिचित असलेले प्लास्टर ऑफ पॅरिस हे जिप्सम भाजूनच तयार होते. भाजताना जिप्सममधील सुमारे तीन चतुर्थांश पाणी निघून जाते. पुन्हा पाणी मिळताच ते घट्ट होते. दोन जाड कागदांमध्ये असा लगदा घट्ट करून फळी बनवितात. जिप्सममध्ये वजनाच्या सुमारे २१ टक्के पाणी बद्ध असते. आगीत ते वाफ होऊन बाहेर पडेपर्यंत भिंतीची पाठीमागील बाजू फारशी तापत नाही.

कारागीर प्रथम जस्तलेपित पत्र्याचा सांगाडा उभारतो व त्यावर फळ्या स्क्रूने बसवितो. स्क्रूचे डोके कागदाच्या किंचित आत जावे, परंतु कागद फाटू नये. फाटल्यास पकड नाहीशी होते. फळी जमिनीपासून थोडी वर ठेवतात, म्हणजे ओल वर चढत नाही. यानंतरचे काम अधिक नाजूक. सांध्यांवर पुट्टी व कागदी फीत बसवून, प्रत्येक थर आधीच्याहून रुंद ठेवीत, साधारणतः तीन थर देतात. शेवटी घासकागद फिरवितात. ही धूळ फुप्फुसांस अपायकारक असल्याने नाकातोंडावर योग्य मुखपट्टी आवश्यक असते. दिवा भिंतीलगत तिरका धरला असता उंचसखलपणा तत्काळ दिसतो.

कोकणच्या हवेत येथेच खरी कसोटी लागते. हवेत सुकणारी पुट्टी पावसाळ्यात फार वेळ ओली राहते. ओल्या थरावर घाईने दुसरा थर दिल्यास तो मागाहून आक्रसतो व सांधा उमटतो. म्हणून अशा दिवसांत पाण्याशी रासायनिक संयोग पावून घट्ट होणारी पुट्टी पहिल्या थरांसाठी सोयीची ठरते. साधी फळी बाहेरच्या भिंतीस मात्र मुळीच वापरू नये.

कुडाचे लिंपण व सारवण हे बहुतांशी घरातील स्त्रियांचे काम असे. त्यास मजुरी नव्हती आणि कारागिरी म्हणून गणनाही नव्हती. तेच काम जिप्समच्या भिंतीवर स्वतंत्र व्यवसाय ठरले आहे. सांधा झाकणे, थर सुकू देणे व पृष्ठभाग हाताने ओळखणे हे कौशल्य या प्रदेशास नवीन नाही. या व्यवसायाचे प्रशिक्षण योजताना त्याची दखल घेतली, तर ज्यांच्या हातांत ते पिढ्यान्‌पिढ्या होते, त्या स्त्रियांनाही त्यात रास्त स्थान मिळू शकेल.