पवित्र शास्त्रातील उभयान्वयी अव्यये

व्याकरणाच्या तासास उभयान्वयी अव्ययांचा पाठ निघाला म्हणजे वर्गात जांभया सुरू होतात. 'कारण', 'म्हणून', 'परंतु', 'जर–तर', 'यासाठी की' ह्यांचे प्रकार पाठ करावयाचे, परीक्षेत गुण मिळवावयाचे आणि सुटीत विसरून जावयाचे, असा बहुतेकांचा क्रम असतो. परंतु पवित्र शास्त्र वाचावयास बसल्यावर ह्याच लहानशा शब्दांवर फार मोठे अर्थ तोललेले आढळतात. शब्दांचे अर्थ आपण कोशात पाहतो. दोन विधानांचा परस्परसंबंध मात्र कोश सांगत नाही. तो वाचणाऱ्यानेच शोधावयाचा असतो.

आधी शास्त्र बाजूस ठेवून केनवडच्या शिवारात जाऊ. एक शेतकरी म्हणतो, "सोयाबीन पिवळे पडले, कारण वावरात पाणी साचले." दुसरा बांधावरूनच म्हणतो, "वावरात पाणी साचले असले पाहिजे, कारण सोयाबीन पिवळे पडले आहे." दोघांच्याही बोलण्यात 'कारण' हाच शब्द आहे, पण त्याचे काम निराळे आहे. पहिल्याने गोष्ट कशाने घडली ते सांगितले. दुसऱ्याने ती आपणांस कशावरून कळली ते सांगितले. आपल्या जुन्या शास्त्रकारांनी ह्या दोहोंस कारक हेतू आणि ज्ञापक हेतू अशी नावे दिली आहेत. डोंगरावर धूर दिसतो, ह्यावरून तेथे अग्नी आहे असे आपण जाणतो. म्हणून धुराने अग्नी पेटविला असे कोणी म्हणत नाही.

आता लूककृत शुभवर्तमानाचा सातवा अध्याय उघडावा. शिमोन नावाच्या परूश्याच्या घरी येशू भोजनास बसला असता गावातील एक पापी म्हणून ठाऊक असलेली स्त्री येते, आसवांनी त्याचे पाय भिजविते, केसांनी पुसते आणि त्यांस सुगंधी तेल लाविते. पुढे सत्तेचाळिसाव्या वचनात येशू सांगतो की तिच्या पुष्कळ पापांची क्षमा झाली आहे, कारण तिने फार प्रीती केली. हे एकच वचन वेगळे काढून वाचले तर काय वाटेल? तिने प्रीती केली, तिचे मोल म्हणून क्षमा मिळाली, असे. म्हणजे क्षमा ही मजुरी झाली! ह्या एका शब्दावर निरनिराळ्या पंथांच्या विद्वानांत पुष्कळ वाद झालेला आहे.

निकाल मात्र जवळच आहे. त्याच प्रसंगी येशूने शिमोनास दोन ऋणकोंची गोष्ट सांगितली आहे. एकाचे पाचशे दीनार देणे, दुसऱ्याचे पन्नास. फेडावयास दोघांजवळही काही नव्हते. सावकाराने दोघांसही सोडून दिले. ह्यांतील कोण अधिक प्रीती करील, असा प्रश्न आहे, आणि ज्याला अधिक सोडले तो, असे शिमोन स्वतःच उत्तर देतो. ऋणमुक्ती अगोदर, प्रीती मागाहून. सत्तेचाळिसाव्या वचनाचा उत्तरार्धही तसाच आहे : ज्याला थोडी क्षमा, त्याची प्रीती थोडी. शिवाय मूळ ग्रीकमधील क्रियापद क्षमा होऊन चुकली आहे अशा पूर्ण रूपाचे आहे. अर्थात् येथील 'कारण' ज्ञापक आहे. तिची प्रीती हा धूर. अग्नी त्यापूर्वीच पेटला होता. माझ्या मते ह्यापरता अर्थ त्या दृष्टांताशी जुळत नाही.

छापील पुस्तकात एक अडचण येते. वचनांचे आकडे मूळ लेखकांचे नव्हेत. नव्या करारातील वचनांची आजची वाटणी रॉबेर एस्तिएन नावाच्या फ्रेंच मुद्रकाने १५५१ साली केली. शोधावयास ती फार सोयीची आहे, परंतु तिने प्रत्येक वचन सुटा मणी वाटू लागतो आणि मधला दोरा दिसेनासा होतो. रोमकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायातील सोळा, सतरा व अठरा ह्या तीन वचनांत ग्रीक भाषेतील कारणबोधक 'गार' हे अव्यय चार वेळा आले आहे. पौलाने एकाच्या आधारावर दुसरे अशी पायऱ्यांप्रमाणे विधाने रचली आहेत. पुष्कळ आवृत्त्यांत मात्र सतराव्या वचनानंतर नवा मथळा घातलेला असतो, आणि वाचणारा तेथे विसाव्यास थांबतो. म्हणून असा उतारा आकडे व मथळे गाळून वहीत उतरून घ्यावा, एका ओळीत एकच विधान लिहावे, आणि जोडणारी अव्यये डाव्या समासात मांडावी. पंडिता रमाबाईंनी मूळ इब्री व ग्रीक भाषांवरून केलेले मराठी भाषांतर १९२४ साली, त्यांच्या निधनानंतर, प्रसिद्ध झाले. ते व नेहमीचे भाषांतर शेजारी ठेवून कोठे कोणते अव्यय आले हे ताडून पाहण्यासही बरीच मौज आहे. स्तोत्रांत मात्र पुष्कळदा अव्ययच नसते. तेविसाव्या स्तोत्राच्या आरंभी परमेश्वरास मेंढपाळ म्हटले आहे व लगेच उणे पडणार नाही असे म्हटले आहे. मधला 'म्हणून' आपण मनात घालतो.

'जर–तर' हे ह्याहून फसवे. वावरात पाणी साचले तर सोयाबीन पिवळे पडते हे खरे. पण पिवळे दिसले म्हणजे पाणीच साचले असेल असे नाही. पांढऱ्या माशीने पसरविलेला पिवळा मोझॅकही असू शकतो, आणि मग चर खणून काही उपयोग होत नाही. नैयायिकांनी ह्यासाठी तापलेल्या लोखंडी गोळ्याचा दाखला दिला आहे : त्यात अग्नी असतो, धूर नसतो. जेथे धूर तेथे अग्नी हे विधान उलटविता येत नाही.

ईयोबाच्या मित्रांनी नेमके तेच उलटविले. पाप केले तर दुःख येते, हे त्यांचे सूत्र. ईयोबावर दुःख आले आहे. तेव्हा त्याने पाप केलेच असले पाहिजे! अलीफज, बिल्दद व सोफर हे तिघेही आळीपाळीने, कधी गोडीने कधी टोचून, हेच सांगत राहतात. पहिल्याच अध्यायात वाचकास ईयोबाचे निर्दोषत्व कळविलेले असते, म्हणून तो ग्रंथ वाचताना जीव गुदमरतो. शेवटच्या, बेचाळिसाव्या अध्यायात देवाचा कोप होतो तो ह्या धर्मज्ञ मित्रांवर. लूकच्या तेराव्या अध्यायात शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसे मेली, त्यांच्याविषयीही हाच उलटा तर्क येशूने नाकारला आहे.

पालकवर्गास विशेष जवळचे वाटेल असे उदाहरण योहानाच्या नवव्या अध्यायात आहे. एक मनुष्य जन्मतःच आंधळा. शिष्य विचारतात, पाप कोणाचे, ह्याचे की ह्याच्या आईबापांचे? अपंग मूल जन्मले म्हणजे आपल्याकडेही आईस ऐकावे लागणारा प्रश्न हाच. येशू दोन्ही पर्याय नाकारतो. आणि पुढच्या वाक्यात 'कारण' येत नाही, 'यासाठी की' येते, म्हणजे देवाची कृत्ये त्याच्या ठायी प्रगट व्हावी म्हणून. शिष्यांची दृष्टी मागे होती, ती पुढे वळविली आहे. मूळ हस्तलिखितांत विरामचिन्हे जवळजवळ नसल्यामुळे काही विद्वान हे पद पुढील वाक्यास जोडतात : ती कृत्ये प्रगट व्हावी यासाठी, दिवस आहे तोवर आपणांस काम केले पाहिजे, असे. मग तर आंधळेपणाचा हेतूही सांगितलेला नाही, फक्त कामाचा सांगितला आहे. कोणताही अर्थ घेतला तरी आईबापांवरील आरोप उरत नाही. त्याच अध्यायात पुढे परूशी त्या आईबापांस चौकशीस बोलावितात. सभास्थानातून बहिष्कृत होऊ ह्या भीतीने ती दोघे एवढेच कबूल करितात की हा आमचा मुलगा, आणि तो जन्मापासून आंधळा होता. बाकीचे त्यालाच विचारा, तो वयात आलेला आहे.