पुस्तिकेवाचून हत्यार

लिनक्स प्रणालीच्या संगणकावर नवे साधन बसविणे आता फार सोपे झाले आहे. एक आज्ञा लिहावी, की साधन दूरच्या भांडारातून येऊन जागच्या जागी बसते. पण त्याची माहितीपुस्तिका बरोबर येतेच असे नाही. साधन साधे असेल तर तिच्यावाचून अडत नाही. सुरक्षेची परीक्षा घेणारे असेल तर मात्र अडते, आणि अडले आहे हे पुष्कळदा कळतही नाही.

एनमॅपचेच उदाहरण घेऊ. हे साधन गॉर्डन लायन यांनी १९९७ साली प्रसिद्ध केले. जाळ्यातील प्रत्येक संगणकाला ६५,५३५ दारे आहेत अशी कल्पना करावी. त्यांना पोर्ट म्हणतात. गुरखा रात्री पेठेतून फिरताना दुकानांची कुलुपे हलवून पाहतो, तसे एनमॅप ही दारे ठोठावते. वेगळे सांगितले नाही तर नेहमीच्या वापरातील हजार दारे पाहते आणि कोणते उघडे, कोणते बंद, ते सांगते.

आता पुस्तिका जाते कोठे? डेबियन ही लिनक्सची एक प्रतिष्ठित शाखा. डॉकरसाठी तिची ‘स्लिम’ नावाची आटोपशीर आवृत्ती मिळते. जागा वाचावी म्हणून तिच्यातील एका लहानशा फाइलीत साधने बसविणाऱ्या डीपीकेजीला बजावलेले असते, की पुस्तिकांची पाने उतरवू नकोस. परवान्याचे पान तेवढे ठेवतात. कायद्याचा धाक कोणाला नसतो! गंमत अशी, की डीपीकेजीच्या वहीत वगळलेल्या पानांचीही नोंद राहते. यादीत पान आहे, तबकडीवर नाही.

उरते ते साधनाच्या पोटातले ‘हेल्प’. वेगाविषयी ते एवढेच सांगते, की शून्यापासून पाचापर्यंत आकडा द्यावा, मोठा आकडा म्हणजे अधिक वेग. नवशिका अर्थातच पाच देतो. पुस्तिका मात्र सांगते, की शून्य दिला तर दोन ठोठावण्यांमध्ये पाच मिनिटे जातात. म्हणजे हजार दारांना साडेतीन दिवसांच्या आसपास लागतील. पाच दिला तर अचूकपणा गमावून वेग मिळतो, आणि एखाद्या संगणकाला पंधरा मिनिटांहून अधिक वेळ लागला तर तो सोडून दिला जातो व त्याच्या दारांचा तक्ता छापलाच जात नाही. एखाद्या पतपेढीतला जुना, मंद संगणक असा सुटला, तर अहवाल वाचणाऱ्याला वाटावे की तेथे काही उघडे नाही. ‘फिल्टर्ड’ या उत्तराचेही तसेच. त्याचा अर्थ दार बंद आहे असा नव्हे; मध्ये आडोसा असल्यामुळे दार उघडे की बंद हे कळले नाही, एवढाच. हा खुलासा पुस्तिकेत आहे. खोटा दिलासा आम्हांस उघड्या दाराहून घातक वाटतो. उघडे दार निदान कोणी लावावयास तरी जातो.

तीच पुस्तिका हेही सुचविते, की दुसऱ्याच्या जाळ्यावर हलकी तपासणी करण्यापूर्वीही परवानगी घेणे बरे. तिच्या उदाहरणांत ‘स्कॅनमी’ हा यंत्रणेचा पत्ता येतो. शिकाऱ्यांनी हात बसवावा म्हणून एनमॅपच्या कर्त्यांनीच तो ठेविला आहे. आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० याच्या कलम ४३ मध्ये परवानगीवाचून दुसऱ्याच्या संगणकात शिरणे येते. ते अप्रामाणिक हेतूने केले तर कलम ६६ प्रमाणे तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

ही परंपरा जुनी आहे. युनिक्सची पहिली पुस्तिका ३ नोव्हेंबर १९७१ ची. तिच्यात आज्ञेच्या माहितीखाली ‘दोष’ असे शीर्षक देऊन कर्तेच आपल्या कामाचे उणे सांगत. असला सरळपणा किती छापील जाहिरातींत सापडेल?

पुस्तिका परत आणणे कठीण नाही. त्या फाइलीतील मनाईच्या ओळी काढाव्या. तेवढ्याने मात्र पाने येत नाहीत, कारण वहीत ती आधीच जमा आहेत. साधन पुन्हा बसवावे लागते, आणि पाने उघडणारा ‘मॅन’ नसेल तर तोही घ्यावा. उबंटूच्या आटोपशीर आवृत्तीत या कामासाठी ‘अनमिनिमाइझ’ अशी आज्ञाच आहे. जागा खरोखरच नसेल, तर दुसऱ्या संगणकावर पुस्तिका वाचावी. मात्र दोन्हीकडील साधनाचा आवृत्तिक्रमांक एकच असल्याची आधी खात्री करून घ्यावी.