ध्वनिमिश्रकाची सूत्रे

झाशी शहराच्या जुन्या तटबंदीला दहा दरवाजे होते. त्यांपैकी ओरछ्याच्या दिशेचा दरवाजा तो ओरछा गेट. १८५७-५८ च्या धामधुमीत वरसईचे विष्णुभट गोडसे याच शहरात होते. येथील मराठी राज्यकर्त्यांपैकी गंगाधरराव हे नाटकाचे शौकीन म्हणून प्रसिद्ध आहेत. १८५३ साली त्यांचे निधन झाले. त्या काळच्या नटाला शेवटच्या प्रेक्षकापर्यंत पोहोचण्यासाठी स्वतःच्या छातीचाच काय तो आधार होता. आज अशा वेशीजवळच्या मोकळ्या जागेत कीर्तन किंवा व्याख्यान ठरले, तर बाजाराच्या गलबल्यातही वक्त्याचा प्रत्येक शब्द शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचावा, अशी अपेक्षा असते. हे काम ज्या पेटीकडे सोपविले जाते, तिला पॉवर्ड मिक्सर म्हणतात. ध्वनींचे मिश्रण करणारे यंत्र व त्यांची शक्ती वाढविणारा विवर्धक ही दोन्ही या एकाच पेटीत असतात.

मायक्रोफोनमधून येणारा विद्युत्‌दाब अत्यल्प असतो. तो २ मिलिव्होल्ट आहे असे धरू. ८ ओहम संरोधाच्या स्पीकरला ५० वॅट शक्ती द्यावयाची, तर २० व्होल्ट लागतात. म्हणजे मूळचा दाब दहा हजार पटींनी वाढवावा लागतो. ही वाढ एका दमात न करता टप्प्याटप्प्याने करावयाची, हेच या यंत्राच्या वापराचे मर्म होय.

पहिला टप्पा म्हणजे 'गेन'ची कळ. आरंभी सर्व फेडर व मुख्य फेडर खाली असावेत. गायकाला प्रत्यक्ष कार्यक्रमात जितक्या मोठ्याने गावयाचे असेल, तितक्याच आवाजात गावयास सांगावे आणि गेन हळूहळू वाढवावा. लाल दिवा लुकलुकू लागला की कळ थोडी मागे घ्यावी. गेन फार कमी राहिल्यास पुढील टप्प्यांत आवाजाबरोबर खरखरही वाढते. फार अधिक झाल्यास ध्वनिलहरींचे माथे छाटले जातात व स्वर फाटतो. विवर्धकाच्याच टप्प्यावर असे माथे छाटले गेले, तर उच्च स्वरांचा नाजूक स्पीकर तापून जळण्याचाही संभव असतो. त्यानंतर वाहिनीचा फेडर शून्याच्या खुणेपाशी आणून मुख्य फेडर सावकाश वर न्यावा.

पुढचा टप्पा स्वरसंस्काराचा. सुमारे १०० हर्ट्झच्या खालचे ध्वनी कापणारे बटन दाबले, की वाऱ्याची घरघर व माइक हाताळताना होणारे धक्के नाहीसे होतात; बोलण्यातले मात्र फारसे काही हरवत नाही. शब्द स्पष्ट करणारी व्यंजने मुख्यतः २,००० ते ४,००० हर्ट्झच्या पट्ट्यात ओळखू येतात. म्हणून शब्द कळत नसतील, तर आवाज वाढविण्यापूर्वी खालचे स्वर किंचित कमी करून पाहावेत.

आता सर्वांस परिचित असलेल्या त्या कर्कश शिट्टीविषयी. स्पीकरमधून निघालेला ध्वनी पुन्हा माइकमध्ये शिरतो, विवर्धित होतो आणि परत स्पीकरमधून बाहेर पडतो. हे चक्र प्रत्येक फेऱ्यात क्षीण होत गेले तर काही बिघडत नाही. परंतु एखाद्या कंप्रतेला ते स्वतःच स्वतःस पुरून उरले, की शिट्टी वाजते. डेन्मार्कचे शास्त्रज्ञ सोरेन लार्सन यांच्या नावावरून यास लार्सन परिणाम म्हणतात. उपाय साधे आहेत. वक्ता माइकपासून निम्म्या अंतरावर आला, तर त्याचा आवाज माइकमध्ये सुमारे ६ डेसिबेलने वाढतो. तेवढाच फेडर खाली घेता येतो. वापरात नसलेले माइक बंद ठेवावेत. गायकाला स्वतःचा आवाज ऐकविणारा मॉनिटर माइकच्या पाठीमागे ठेवावा, कारण नेहमीचा दिशादर्शी माइक मागच्या बाजूने सर्वांत कमी ऐकतो. माइकची जाळी मुठीत धरली, तर मात्र हा गुण नाहीसा होतो.

दगडी वेस व तट यांची अडचण निराळी. २० मीटरवरील भिंतीवरून ध्वनी परत यावयास सुमारे ०.१२ सेकंद लागतो, आणि तेवढ्या अवधीत पुढचा उच्चार सुरू झालेला असतो. अशा वेळी आवाज वाढविला की प्रतिध्वनीही वाढतो. स्पीकरची तोंडे भिंतीकडे न ठेवता श्रोत्यांकडे किंचित खाली वळविणे, हाच खरा उपाय.

स्पीकर जोडतानाही गणित विसरू नये. ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडल्यास संरोध ४ ओहम होतो. तिसरा जोडल्यास तो २.६७ वर येतो. यंत्राची किमान मर्यादा ४ ओहम असेल, तर विवर्धकातून अधिक विद्युत्‌प्रवाह वाहून तो तापतो आणि ऐन रंगात आलेले कीर्तन एकाएकी मुके होते.

शेवटची मर्यादा माणसाच्या कानाची. ८५ डेसिबेलचा ध्वनी ८ तास सोसावा असे धरले, तर प्रत्येक ३ डेसिबेलच्या वाढीला ही मुदत निम्मी होते. १०० डेसिबेलला ती अवघी १५ मिनिटे उरते. कानातील नाजूक संवेदी पेशी एकदा नष्ट झाल्या की पुन्हा उगवत नाहीत. भारताच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबेल ही मर्यादा घातली आहे. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावण्यास मनाई आहे. काही मोजक्या सणांच्या दिवशी राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते.

म्हणून कुशल चालक केवळ यंत्रापाशी बसून राहत नाही. तो मधूनमधून उठून शेवटच्या रांगेपर्यंत जातो. तेथे शब्द नीट ऐकू आला, की त्याचा हात फेडर वर नेण्यासाठी पुढे होत नाही.