यमूची गोष्ट ऐकणारे हरिभाऊ

इंग्रजीत जे डिकन्सने केले, तेच मराठीत हरि नारायण आपटे यांनी केले, असे म्हणावेसे वाटते. डिकन्स बारा वर्षांचा असताना कर्जापायी वडील तुरुंगात गेले आणि पोराला बूट-पॉलिशच्या कारखान्यात डब्यांवर लेबले चिकटवावी लागली. ते दुःख तो विसरला नाही. त्याच्या कादंबऱ्या हप्त्याहप्त्याने निघत, म्हणून साध्यासुध्या घरांतही पोचल्या.

हरिभाऊंचा जन्म १८६४ सालचा, खानदेशातल्या पारोळ्याचा. पुण्यात शिकले, पण पदवी हाती लागली नाही. इंग्रजी कादंबऱ्या मात्र त्यांनी भरपूर वाचल्या. १८९० साली त्यांनी ‘करमणूक’ साप्ताहिक काढले आणि त्यातून ‘पण लक्षात कोण घेतो?’ क्रमशः छापली. त्यातली यमू आपली कहाणी स्वतःच सांगते. सुधारक नवऱ्याने तिला लिहा-वाचायला शिकवले. तो गेला, आणि सासरी तिचे सक्तीने केशवपन झाले.

घराघरांत घडणारे, पण कुणी न बोलणारे हे दुःख हरिभाऊंनी बाईच्याच तोंडून वदवले. व्याख्यानाने जे मन हलत नाही, ते अशा गोष्टीने हलते.

१९१९ साली हरिभाऊ गेले. केशवपनाची चाल आता मागे पडली. पण आज पनवेलहून लोकलने नोकरीला निघालेली लेक संध्याकाळी दमून घरी येते, तेव्हा तिच्या मनात काय चालले आहे हे आपण विचारतो का? कादंबरीच्या नावातला प्रश्न अजून आपल्यालाच आहे.