स्लॅबखालचा उकाडा मोजायला हवीत आपलीच पोरं

मे महिन्यात रात्री अकराच्या सुमाराला स्टुलावर चढून घराच्या स्लॅबला आतून कधी हात लावून बघितलाय का? नसेल तर येत्या उन्हाळ्यात बघा. बाहेर वारा सुटलेला असतो, अंगणात बाज टाकून पडावं असं वाटतं, आणि आत मात्र पंखा गरम हवाच खाली ढकलत असतो. दिवसभर ऊन पिऊन बसलेला स्लॅब रात्री ते ऊन आपल्या अंगावर सोडतो. पंखा रात्रभर चालतो, डोळ्याला डोळा लागत नाही आणि महिन्याअखेरी बिल येते ते वेगळेच.

हा उकाडा आणि हे बिल, दोन्हींचा मिळून हिशेब मांडणे हे आता एक रीतसर काम झाले आहे. इमारतीत वीज कुठे जाते, उष्णता कुठून शिरते, काय केले म्हणजे ती कमी शिरेल, हे मोजून सांगणारी माणसे लागतात. नुकत्याच शिकून बाहेर पडलेल्या पोरापोरींना या कामात उतरवण्यासाठी फेलोशिप दिल्या जातात. ही खबर शहरातल्या कॉलेजांत वेळेवर पोचते. आपल्याकडे ती अर्जाची मुदत संपल्यावर, तीही कुणाच्या तरी भाच्याकडून कळते.

फेलोशिप म्हणजे नोकरी नव्हे आणि शिष्यवृत्तीही नव्हे. शिष्यवृत्ती शिकण्यासाठी मिळते, नोकरीत नेमून दिलेले काम करायचे असते. फेलोशिपमध्ये ठरावीक मुदतीपुरते मानधन मिळते, कुणीतरी जाणता मार्गदर्शक असतो, आणि मुदत संपताना काहीतरी करून दाखवावे लागते. २०१५ साली राज्यात मुख्यमंत्री फेलोशिप सुरू झाली, तेव्हा हा शब्द आपल्याकडच्या तालुक्यांतही ऐकू आला. इमारतींच्या ऊर्जेपुरते बोलायचे तर अमेरिकेत एका पर्यावरण संस्थेने २००८ पासून उच्च शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांना उन्हाळ्याच्या काही आठवड्यांसाठी कंपन्यांत आणि सरकारी कार्यालयांत बसवायला सुरुवात केली. विजेची उधळपट्टी शोधा आणि ती थांबवली तर किती पैसे वाचतील ते कागदावर मांडून द्या, एवढेच काम. आपल्या केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागानेही गेल्या दशकात ‘भवन’ नावाची फेलोशिप काढून विद्यार्थी आणि तरुण संशोधक अमेरिकेतल्या प्रयोगशाळांत धाडले होते. विषय हाच, इमारतीतली ऊर्जा. आणि २०२० पासून ‘सोलर डेकॅथलॉन इंडिया’ ही कॉलेजच्या विद्यार्थ्यांची स्पर्धा सुरू झाली. जेवढी ऊर्जा खाईल तेवढी स्वतःच तयार करील अशा इमारतीचे आराखडे त्यात पोरे करतात.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं काचेच्या इमारतींचं, एसीवाल्यांचं. आमचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो समजायला तीस-बत्तीस वर्षे मागे जावे लागेल.

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतरची पहाट. किल्लारी-सास्तूरचा भूकंप कुणाला सांगायला नको. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे गेली, आणि त्यांतली बहुतेक स्वतःच्याच घराखाली गेली. मातीत रचलेल्या दगडांच्या दोन-दोन, तीन-तीन फुटी भिंती, लाकडी तुळयांवर पांढऱ्या मातीचा जाड थर, असे आपले माळवद. उन्हाळ्यात आत गारवा, थंडीत ऊब. पण धरणी हलली तेव्हा भिंतीचे दगड सुटले आणि वरचा मातीचा भार झोपलेल्या माणसांवर आला.

त्यानंतर माणसांनी माळवदाचा धसका घेतला, आणि तो चुकीचा होता असे कोण म्हणेल? ५२ गावे नव्या जागी वसली, सिमेंट-काँक्रीटची घरे उभी राहिली. भूकंप न झालेल्या गावांतही लोकांनी माळवदे उतरवून पत्रे टाकले, जमेल त्याने स्लॅब ओतला. जीव वाचवायचा तर हे करणे भाग होते. पण त्याबरोबर गारवाही गेला, आणि त्याचा हिशेब कुणी मांडला नाही. जाड मातीतून उन्हाची धग आत यायला कितीतरी तास लागत, ती येईपर्यंत रात्र होऊन बाहेर गार झालेले असे. चार-पाच इंची स्लॅबमधून ती संध्याकाळपर्यंतच आत उतरते. पत्र्याबद्दल तर बोलायलाच नको. दुपारी त्याला हात लावून बघा, नाहीतर नकाच लावू!

मला वाटते, या विषयातला खरा अभ्यास इथेच आहे. घर भूकंपात टिकले पाहिजे आणि मे महिन्यात त्यात झोपताही आले पाहिजे. दोन्ही एकदम साधते का? साधते. जुन्या दगडी घराला सळई घातलेल्या काँक्रीटच्या पट्ट्या बांधता येतात, भिंतीत आरपार जाणारे दगड बसवता येतात, माळवदावरच्या मातीचा भार कमी करता येतो. स्लॅबच्या घरावर पांढऱ्या चुन्याचा हात देता येतो, किंवा पांढऱ्या चिनी फरशीचे तुकडे बसवता येतात. पांढरा रंग ऊन परतवतो, बाकी त्यात जादू काही नाही. केरळात लॉरी बेकर यांनी स्लॅबमध्ये कौले घालून सिमेंट वाचवले आणि उष्णताही अडवली. तेलंगण सरकारने तर २०२३ मध्ये थंड छतांचे धोरणच जाहीर केले.

आपल्याकडे कायदा नाही असे नाही. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ चा. इमारतींची ऊर्जा संहिता २००७ ची, ती २०१७ मध्ये सुधारली. घरांसाठी ‘इको निवास संहिता’ २०१८ मध्ये आली. पण केंद्राच्या कायद्याची नजर १०० किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या वीजजोडाच्या इमारतींवर. आपल्या गावात शाळा, दवाखाना, ग्रामपंचायत आणि सोसायटी मिळूनही एवढा भार भरणार नाही. प्रधानमंत्री आवास योजनेचे घरकुल किमान २५ चौरस मीटरचे. २०१६ मध्ये योजना सुरू झाली तेव्हा मैदानी भागात त्याला अनुदान ठरले १ लाख २० हजार. एवढ्यात भिंती उभ्या करता करताच नाकी नऊ येतात, छताच्या गारव्याचा विचार कोण करणार? तेव्हा कायदा आपल्यापर्यंत उतरेल तेव्हा उतरेल, तोवर मोजणारी माणसे तरी इथली हवीत.

समजा, आपल्या जिल्हा परिषदेने अशा दोन पोरांना वर्षभर मानधन देऊन ठेवले. ती काय करतील? एक शाळा घेतील. दहा वर्गांत दहा जुने पंखे, प्रत्येकी सुमारे ७५ वॅटचे. त्यांच्या जागी ३० वॅटचे नव्या मोटरचे पंखे लावले तर एका पंख्यामागे ४५ वॅट वाचतात. रोज सहा तास धरले तर दहा पंख्यांचे दिवसाला २.७ युनिट. शाळेचे २२० दिवस धरा, झाले ५९४ युनिट. बिल थकले म्हणून वीज तोडलेल्या शाळा आपण पाहिल्या आहेत, त्यामुळे हा आकडा लहान समजू नका. मग ती प्राथमिक आरोग्य केंद्रात जातील. तिथे लस २ ते ८ अंशांत ठेवावी लागते. तो फ्रिज पश्चिमेच्या तापलेल्या भिंतीला टेकवून ठेवला असेल तर त्याला जास्त राबावे लागणार. त्यांना एवढेच दिसले तरी पुष्कळ झाले. नंतर बारा महिन्यांची बिले काढून बसतील. मंजूर भार किती, वापर किती, कधीच बंद पडलेल्या पंपाचे मीटर अजून चालू आहे का? असल्या गोष्टी शोधायला मोठी यंत्रे लागत नाहीत. चिमटा मीटर, तापमापक, वही आणि चिकाटी लागते. साहेबांना नको ते प्रश्न विचारायची हिंमतही लागते, ती मानधनात येत नाही.

ज्यांच्या घरात सिव्हिल, इलेक्ट्रिकल किंवा मेकॅनिकलचे पोर आहे त्यांच्यासाठी एक कामाची गोष्ट. केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्युरोची ऊर्जा लेखापरीक्षकाची राष्ट्रीय परीक्षा असते. पेपर चार, त्यांतला चौथा पुस्तक उघडून लिहायचा. नियमाप्रमाणे पदवीवाल्याला तीन वर्षांचा आणि डिप्लोमावाल्याला सहा वर्षांचा अनुभव लागतो, पण अर्ज भरण्याआधी ताजी अधिसूचना वाचाच. अनुभव मोठ्या शहरातलाच हवा असे मात्र नाही. ऊर्जेच्या वापराशी संबंधित काम असले पाहिजे, आणि साखर कारखान्याच्या बॉयलरवर किंवा सहवीजनिर्मितीत काढलेली वर्षे त्यात बसतात. कारखान्यात हंगामी म्हणून राबणाऱ्या किती पोरांना हे ठाऊक आहे? अनुभवाचा दाखला मात्र हातात घेऊनच बाहेर पडा, नंतर हेलपाटे घालावे लागतात.

फेलोशिपच्या अर्जात बहुधा ‘तुम्हाला हे काम का करायचे आहे’ असे विचारतात. इथे आपली पोरे अडतात, इंग्रजी पाठ करून पृथ्वी वाचवण्याच्या गोष्टी लिहितात. त्यापेक्षा दोन साधे तापमापक आणा. एक आतल्या खोलीत स्लॅबखाली टांगा, दुसरा बाहेर सावलीत. एप्रिलच्या पहिल्या तारखेपासून महिनाभर सकाळी सहा, दुपारी तीन आणि रात्री अकराचे आकडे वहीत लिहा. पंधराव्या दिवशी स्लॅबवर चुन्याचे दोन हात द्या आणि पुढचे पंधरा दिवस तसेच लिहीत राहा. एप्रिलचा उत्तरार्ध मुळातच जास्त तापतो, म्हणून बाहेरच्या तापमापकाचा आकडा चुकवू नका, तुलना त्याच्याशीच करायची. शेजारी चुना न लावलेले तसेच घर असेल तर तिथेही एक तापमापक टांगा. वही भरली की तीच अर्जाला जोडा.