‘हुबा’ म्हणजे तोंड की अळंबी?

वाचायला सुरुवात करण्याआधी एक काम करा. आरशासमोर उभे राहा आणि मोठ्ठा ‘आ’ करा. काय काय दिसलं? ओठ, दात, जीभ, आणि मागे लोंबणारी पडजीभ. जगातल्या कुठल्याही मुलाने ‘आ’ केला तरी त्याला हेच दिसणार. मग या तोंडाबद्दलचे शब्द एका भाषेतून दुसऱ्या भाषेत नेणं सोपंच असलं पाहिजे, नाही का?

मलाही तसंच वाटायचं. पण माझ्या भाचीने नुसतं ‘तोंड बंद कर’ एवढंच म्हटलं आणि तिची एकुलती एक मैत्रीण तिच्यावर रुसून बसली! सांगते, ऐका.

माझा मामेभाऊ कामानिमित्त स्लोवाकियातल्या नित्रा या शहरात राहतो. नकाशा काढा बरं. युरोपच्या मधोमध, ऑस्ट्रिया आणि हंगेरीच्या वरच्या बाजूला हा चिमुकला देश सापडेल. पूर्वी तो चेकोस्लोवाकियाचा भाग होता. १ जानेवारी १९९३ रोजी वेगळा झाला. लोकसंख्या साधारण ५४ लाख. आपल्या एकट्या पुणे जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ९४ लाखांवर होती, म्हणजे बघा! टाटांच्या मालकीच्या जॅग्वार लँड रोव्हर कंपनीचा कारखाना नित्रामध्ये २०१८ साली सुरू झाला. त्यामुळे वर्तमानपत्रात मोटारींच्या बातम्या वाचणाऱ्या तुमच्या बाबांना हे नाव कदाचित माहीत असेल.

तर माझी भाची तिथे पाचवीत गेली. शाळेत सगळं स्लोवाक भाषेत. पहिले दोन महिने ही पोरगी वर्गात चकार शब्द बोलली नाही. घरी अखंड टकळी आणि शाळेत मिठाची गुळणी! तेवढ्यात शेजारच्या बाकावरच्या मुलीशी तिची गट्टी जमली. खाणाखुणा, थोडं इंग्रजी, थोडं स्लोवाक.

एके दिवशी बर्फ पडत होता. मैत्रीण तोंड उघडं ठेवून बर्फाचे कण जिभेवर झेलत होती. तिला दोन दिवसांपूर्वीच ताप येऊन गेलेला. भाचीला काळजी वाटली. तिने आदल्या रात्रीच शब्दकोशात पाहिलं होतं. ‘माउथ’ या इंग्रजी शब्दापुढे दोन शब्द होते, ‘ऊस्ता’ आणि ‘हुबा’. हुबा तिच्या ओळखीचा, कारण अळंबीलाही तिथे हुबाच म्हणतात आणि अळंबीचं सूप तिला फार आवडतं. तिने आपलं मायेने सांगितलं, “झाव्री हुबू!” म्हणजे तिच्या मते, ‘अगं, तोंड बंद कर, गारठा बाधेल.’

मैत्रिणीचं तोंड एवढंसं झालं. ती उठून दुसऱ्या बाकावर जाऊन बसली. दोन दिवस बोलणं बंद!

चूक कुठे झाली, ओळखलंत? हुबा म्हणजे तोंडच, पण भांडणातलं तोंड. ‘झाव्री हुबू’ म्हणजे आपल्याकडे ‘थोबाड बंद कर’ म्हणण्यासारखं. भाचीला त्यातली माया ऐकू येत होती, मैत्रिणीला शिवी.

तिसऱ्या दिवशी वर्गशिक्षिकांच्या लक्षात आलं. त्यांनी कुणाला रागावण्याऐवजी फळ्यावर एक शिडी काढली. (ही युक्ती मी लगेच माझ्या वर्गासाठी उचलली, बरं का!) वरच्या पायरीवर ऊस्ता, सगळ्यांसमोर बोलावं असं तोंड. त्याखाली हुबा. त्याखाली ‘पापुल्या’, म्हणजे खरं तर कुत्र्या-मांजराचं तोंड. अगदी खाली ‘त्लामा’, हिंस्र प्राण्याचा जबडा. खालच्या तिन्ही पायऱ्या माणसाला उद्देशून वापरल्या की भांडण ठरलेलं.

आता आपली शिडी करून पाहा. वर मुख, मग तोंड, मग मुस्काट, थोबाड. देवाचं मुखदर्शन आपण घेतो, देवाचं ‘थोबाडदर्शन’ घेतो का? हसलात ना? मग त्या मैत्रिणीला काय वाटलं असेल ते कळलं.

भाचीने तिला अळंबीच्या सुपाचा सगळा घोटाळा सांगितला. ती खो खो हसली आणि परत आपल्या बाकावर आली. शिक्षिकांनी मात्र त्यावरून वर्गाला गृहपाठच देऊन टाकला. तोंडावरचे इंग्रजी वाक्प्रचार गोळा करा आणि ते स्लोवाक भाषेत कसे म्हणतात ते लिहा. रविवारी आमच्याकडे रात्रीचे साडेआठ, त्यांच्याकडे दुपारचे चार. व्हिडिओ कॉलवर त्या दोघी आणि इकडे मी. आम्ही तिसरा रकाना मराठीचा काढला.

पहिलीच म्हण निघाली घोड्याची. इंग्रज म्हणतात, भेट मिळालेल्या घोड्याच्या तोंडात डोकावू नये. स्लोवाक म्हण जवळजवळ तीच, पण तिथे तोंड गायब आणि दात हजर: दान मिळालेल्या घोड्याचे दात पाहू नकोस. दातच का? कारण घोड्याचे दात वयाप्रमाणे झिजतात. दात पाहणं म्हणजे वय पाहणं, म्हणजेच किंमत करणं. फुकट मिळालेल्या वस्तूची किंमत करत बसू नये!

मी म्हटलं, “थांबा, आमच्याकडे हा घोडा नाही, गाय आहे.” धर्माची गाय आणि दात का नाय! बैलबाजारात गेलेल्या मुलांना ठाऊक असेल, आदत, दुसा, चौसा अशी जनावराची वयं दातांवरूनच सांगतात. म्हणजे तीन भाषा, दोन जनावरं आणि दात मात्र तेच. एक गंमत सांगू? गाईला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतातच! म्हणजे दानाच्या गाईला दात का नाहीत म्हणून कुरकुरणारा माणूस लोभी तर आहेच, शिवाय त्याला गाईची पुरती ओळखही नसावी.

दुसरा वाक्प्रचार ‘हँड टू माउथ’. रोज कमवायचं तेव्हा रोज खायचं. स्लोवाकमध्ये ‘झ रुकी दो ऊस्त’, अगदी शब्दाला शब्द, हातातून तोंडात. मराठीत? ‘हातावर पोट.’ आपण तोंडाला वळसा घालून थेट पोटावरच पोचलो.

मग आला तो वाक्प्रचार, ज्याने मलाच फसवलं. ‘बाइट युअर टंग.’ मी ऐटीत सांगितलं, “सोपं आहे. जीभ चावणे.” भाचीने विचारलं, “आत्या, जीभ कधी चावायची? बोलायच्या आधी की नंतर?”

मी गप्प! कारण मराठीत आपण जीभ चावतो ती बोलून गेल्यावर. ‘अरेच्चा, हे सांगायचं नव्हतं!’ असं म्हणून. इंग्रज माणूस चावतो तो आधी, नको ते बोलणं बाहेर पडू नये म्हणून. स्लोवाक माणूसही आधीच चावतो. आता समजा गोष्टीत वाक्य आहे, ‘तिने जीभ चावली’. इंग्रजी गोष्टीत गुपित सुरक्षित आहे आणि मराठी गोष्टीत ते फुटलेलं आहे! शब्द तोच, पण भाषांतरात अख्खी गोष्ट उलटी झाली. तिथे मराठीत ‘तिने ओठांवर आलेले शब्द गिळले’ असंच लिहायला हवं. दहा-बारा वर्षं शिकवतेय, पण हे कधी ध्यानातच आलं नव्हतं.

पाठांतराची गंमत तर आणखी निराळी. पाढे इंग्रजीत ‘बाय हार्ट’, म्हणजे हृदयाने. स्लोवाकमध्ये पाठ करतात ते स्मरणात. आपल्याकडे तोंडपाठ! तोंडी परीक्षेच्या बाबतीत मात्र मराठी आणि स्लोवाकची जोडी जमते. त्यांची ‘ऊस्तना स्कूश्का’ म्हणजे शब्दशः तोंडी परीक्षा. भीतीही सारखीच वाटते, असं भाचीचं म्हणणं.

आता नदीकडे येऊ. माणसासारखं नदीलाही तोंड असतं. नदी जिथे समुद्राला किंवा दुसऱ्या नदीला मिळते त्या जागेला इंग्रजीत ‘माउथ’, मराठीत ‘मुख’ आणि स्लोवाकमध्ये ऊस्तापासूनच झालेला शब्द, ‘ऊस्त्ये’. ब्रातिस्लावा या त्यांच्या राजधानीजवळ देविन नावाचा जुना किल्ला आहे. त्याच्या पायथ्याशी मोरावा नदी डॅन्यूबला मिळते, ते मोरावेचं ऊस्त्ये. शेजारच्या चेक देशात तर ‘ऊस्ती’ नावाचं शहरच आहे. इंग्लंडमधलं प्लिमथ म्हणजे प्लिम नदीचं मुख. आमच्या चिपळूणची वाशिष्ठी समुद्राला मिळते तिथे, मुखाजवळ दाभोळ बंदर आहे.

“पण आत्या, गोमुख?” भाचीने पुन्हा पकडलं. खरंच की! गंगोत्रीच्या हिमनदीतून भागीरथी जिथे बाहेर येते, त्या जागेला आपण गोमुख म्हणतो. तिथे तर नदी सुरू होते. एके ठिकाणी नदी तोंडातून बाहेर येते आणि दुसऱ्या ठिकाणी तोंडाशी जाऊन संपते. आता हे तिच्या शिक्षिकांना कसं समजवायचं, ते मी तिच्यावरच सोपवलं.

पालकांसाठी एक जादा माहिती. ‘ऊस्ता’ आणि संस्कृतमधला ‘ओष्ठ’ हे एकाच घराण्यातले शब्द आहेत, असं भाषाशास्त्रज्ञ सांगतात. त्या ओष्ठाचाच आपला ‘ओठ’ झाला. तिकडच्या शब्दाचा अर्थ तोंड, इकडच्याचा ओठ. चुलत भावंडं कशी चेहऱ्याने सारखी आणि स्वभावाने वेगळी असतात, तसंच. जीभ, इंग्रजीतली ‘टंग’ आणि स्लोवाक ‘याझिक’ यांचंही मूळ एकच मानतात. ऐकून खरं वाटत नाही! याझिकचे अर्थ दोन, जीभ आणि भाषा. बाकी ऊस्ता हा शब्द नेहमी अनेकवचनी. आपण ‘पोहे झाले’ म्हणतो, ‘पोहा झाला’ म्हणत नाही, तसंच ते.

गृहपाठ संपत आला तेव्हा त्या मैत्रिणीने पहिल्यांदाच मला थेट प्रश्न विचारला. तोंडाचा असा एखादा मराठी शब्द सांगा, जो इंग्रजीत नाही. मी सांगितलं, ‘तोंडी लावणं’. लोणचं, चटणी, कोशिंबीर. पोट भरायला नव्हे, जेवणाला चव यायला. भाचीने समजावलं. दोघींची बरीच कुजबुज झाली. मग उत्तर आलं, ‘प्रीलोहा’. मुख्य पदार्थाबरोबर ताटात येतं ते. वर्तमानपत्राच्या पुरवणीलाही हाच शब्द. मी खूष! लोणचं म्हणजे जेवणाची पुरवणी, किती छान!

“पण आत्या,” भाची हसू दाबत म्हणाली, “इथे प्रीलोहा म्हणजे बहुतेक वेळा बटाटे नाहीतर भात असतो.”

म्हणजे नित्रामध्ये भातच तोंडी लावायचा! शेजारी बसलेल्या माझ्या सासूबाईंनी हे ऐकलं आणि विचारलं, “अगं, मग ती माणसं जेवतात तरी काय?”